हात आपला, किल्ली कोणाची?

हात उचलण्याचे मनात यावे आणि हात उचलला जावा, यात काही विलक्षण घडले असे आपणापैकी कोणालाच वाटत नाही. त्याचे मोल मानेजवळ मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाला विचारावे, किंवा अर्धांगवायूने शरीराची एक बाजू गमावलेल्या माणसाला विचारावे. संकल्प तोच असतो, पुष्कळदा मेंदूतून आज्ञाही निघते. पण वाट कोठेतरी तुटलेली असल्याने ती बोटांपर्यंत पोचत नाही. ही अडलेली आज्ञा मेंदूपाशीच टिपून घ्यावी, तिचा अर्थ लावावा आणि यंत्राच्या साहाय्याने ती हातापर्यंत न्यावी, यासाठी जगातील अनेक प्रयोगशाळा कित्येक दशके झटत आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत 'डीप लर्निंग' या संगणकीय तंत्राची जोड मिळाल्यापासून या कामाला मोठाच वेग आला आहे. वृत्तपत्रांनी त्याला 'मन वाचणारे यंत्र' असे नाव देऊन टाकले. वस्तुतः येथे मन वाचले जात नाही. हाताला दिलेली आज्ञा तेवढी वाचली जाते. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे या विषयाभोवतीचे निम्मे भय आणि निम्मा भाबडेपणा गळून पडतो. उरतो तो खरा प्रश्न. ज्या यंत्रावाचून रुग्णाचा हात चालणार नाही, त्या यंत्राची किल्ली कोणाच्या कमरेला असणार?

मेंदूत विद्युतलहरी असतात आणि त्या कवटीवरून नोंदविता येतात, हे जर्मनीतील जेना येथील हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसावर प्रयोग करून पाहिले आणि १९२९ साली प्रसिद्ध केले. आपल्या गावच्या रुग्णालयातही आज होणारी ईईजी तपासणी ती हीच. तथापि लहरी उमटणे वेगळे आणि त्यांचा अर्थ लागणे वेगळे. अर्थाच्या दिशेने मोठे पाऊल पडले ते १९८२ साली. अपोस्तोलोस जॉर्जोपोलोस आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूतील, हालचालींची आज्ञा देणाऱ्या मोटर कॉर्टेक्स या पट्ट्यातील एकेका पेशीचे निरीक्षण करीत होते. माकडाने हात आठ वेगवेगळ्या दिशांना न्यायचा, अशी प्रयोगाची रचना होती. प्रत्येक चेतापेशीला एक आवडती दिशा असते, असे त्यातून दिसले. हात त्या दिशेला निघाला की ती पेशी जोरात स्पंदते. दिशा जसजशी बदलेल तसतसा तिचा उत्साह मावळत जातो. एकटी पेशी काही हाताची दिशा ठरवीत नाही. पण पुष्कळ पेशींच्या कौलाची बेरीज केली की हात कोठे जाणार ते बऱ्याच अचूकपणे सांगता येते. आपल्याकडे ज्याला पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तोच हा न्याय.

माकडाकडून माणसाकडे यायला आणखी दोन दशके लागली. २००१ साली झालेल्या चाकूहल्ल्यात मानेखालचे सारे शरीर लुळे पडलेल्या मॅथ्यू नेगल या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर २००४ साली ९६ इलेक्ट्रोड असलेली, जेमतेम चार मिलिमीटर लांबी-रुंदीची चकती बसविण्यात आली. केवळ हात हलविण्याचा विचार करून त्याने संगणकाच्या पडद्यावरील बाण हलविला आणि एका कृत्रिम हाताची मूठ उघडून मिटून दाखविली. हा वृत्तान्त २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. २०१२ साली त्याच नियतकालिकात कॅथी हचिन्सन या महिलेची हकीकत आली. मेंदूतील पक्षाघातानंतर ती जवळजवळ पंधरा वर्षे परस्वाधीन होती. तिने मेंदूच्या संकेतांवर चालणाऱ्या यंत्रहाताने कॉफीची बाटली उचलली, ओठांशी नेली आणि आपल्या मर्जीने घोट घेतला. एका घोटाची ती काय मातब्बरी, असे धडधाकट माणसाला वाटेल. पण दुसऱ्याने पाजल्याखेरीज पाणीही पिता येत नाही, अशा माणसाच्या दृष्टीने स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ तेवढाच असतो.

येथे एक अडचण पुनःपुन्हा आडवी येत होती. मेंदूचे संकेत रोज सारखे नसतात. इलेक्ट्रोड केसभर सरकतो, त्याच्याभोवती जखमेची ऊती वाढते, रुग्णाचे चित्त एखाद्या दिवशी थाऱ्यावर नसते. परिणामी काल शिकविलेले यंत्र आज चुकू लागते. मग रोज सकाळी तंत्रज्ञाने यायचे आणि यंत्राला पुन्हा धडे द्यायचे. पूर्वीच्या पद्धतीत संकेतातील कोणता अंश महत्त्वाचा हे संशोधक स्वतः ठरवीत आणि तेवढाच गणिताला पुरवीत. डीप लर्निंगने ही रीत उलटी केली. मूळ नोंद, अथवा तीवर अगदी थोडे संस्कार करून, अनेक पदरी गणिती जाळ्याला द्यायची आणि सोबत त्या क्षणी हाताची कोणती हालचाल अभिप्रेत होती तेही सांगायचे. हजारो उदाहरणे पाहून, चुकत आणि चूक सुधारत, ते जाळे आपले नियम आपणच बसविते. मुलाला आपण व्याकरण शिकवून बोलते करीत नाही. ऐकून ऐकून ते बोलते. साधारण तसेच हे.

अमेरिकेतील ओहायो येथे इयान बर्कहार्ट या तरुणावर झालेले काम याचे उत्तम उदाहरण आहे. २०१० साली समुद्रात सूर मारताना त्याच्या मानेला इजा झाली. २०१४ साली त्याच्या मेंदूत चकती बसविली गेली. तिच्यातील संकेत तारेने संगणकात जात, संगणक त्यांचा अर्थ लावी आणि कोपराखाली गुंडाळलेल्या, स्नायूंना विद्युतस्पंद देणाऱ्या पट्ट्याकरवी त्याचा स्वतःचाच लुळा हात हले. परका यंत्रहात नव्हे, स्वतःचा! २०१८ साली याच तरुणाच्या दीर्घकाळच्या नोंदींवर डीप लर्निंग वापरून केलेले संशोधन 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. रोज नव्याने धडे न देताही नवी पद्धत वर्षभराहून अधिक काळच्या नोंदींवर अचूकता टिकवून धरते, असे त्यात दिसले. प्रयोगशाळेतील चमत्कार घरात आणायचा असेल तर नेमके हेच हवे होते.

आणि मग काय झाले? संशोधनाचा निधी आटू लागला. चकती काढून घ्यावी लागेल असे बर्कहार्टला सांगण्यात आले. ती राहावी म्हणून तो झगडला, काही काळ तिला मुदतवाढही मिळाली; पण अखेर जंतुसंसर्ग झाला आणि २०२१ साली ती काढण्यात आली. जो हात सात वर्षे विचाराबरोबर हलत होता, तो पुन्हा निश्चल झाला. गणित चुकले नव्हते. यंत्रामागे उभी राहणारी व्यवस्थाच पुरती नव्हती. बर्कहार्टने पुढे अशा रोपणांचा अनुभव घेतलेल्या रुग्णांची संघटना उभारली, हे त्याच्या धीराला साजेसेच झाले.

हे प्रकरण अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. अपस्माराचा झटका येण्यापूर्वी सूचना देणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील एका महिलेच्या मेंदूत २०१० साली बसविले गेले. तिचे जीवन त्याने पालटून टाकले. तीन वर्षांनी कंपनीचा पैसा संपला आणि यंत्र काढावे लागले. ते काढू नये असे तिला वाटत असतानाही. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने अंध रुग्णांच्या डोळ्यांत 'आर्गस' नावाचे रोपण बसविले होते. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते घेतले. कंपनीने ते उत्पादन थांबविले, २०२० साली ती दिवाळखोरीच्या काठावर पोचली, आणि डोळ्यातले यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारे कोणीच नाही अशी या माणसांची स्थिती झाली. मोटार बंद पडली तर ती विकता तरी येते. डोळ्यातले आणि डोक्यातले यंत्र घेऊन माणसाने जावे कोठे?

जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या रुग्णात १०२४ इलेक्ट्रोडचे रोपण केले, तेव्हा आपल्याकडील वाहिन्यांनी त्याचा गजर केला. काही आठवड्यांतच त्यातील बरेचसे तंतू मेंदूतून मागे सरकले. कंपनीने संकेतांचा अर्थ लावण्याची पद्धत बदलून ती उणीव भरून काढली. अभियांत्रिकी म्हणून ही करामत वाखाणण्यासारखी आहे, यात शंका नाही. मात्र ती करणे एकाच कंपनीच्या हाती होते, हेही त्याच घटनेतून दिसले. असे तंत्र उद्या भारतात विकण्यासाठी आले, तर ते अमुक इतक्या रुपयांचे एक यंत्र म्हणून येणार नाही. परदेशातील संगणकावरून होणाऱ्या सुधारणांवर, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर, आजन्म अवलंबून असणारे एक नाते म्हणून ते येईल. स्वदेशीचा विचार केवळ साबण आणि टूथपेस्टपुरता नाही, हे ज्यांना उमगले आहे त्यांनी या प्रश्नाकडे त्या दृष्टीने पाहावे.

सुदैवाने कवटी उघडणे हा एकच मार्ग नाही. डोक्यावर टोपी घालून, वरूनच घेतलेल्या ईईजी नोंदींतूनही हाताच्या हालचालीचा मागोवा घेता येतो. हात हलविताना, इतकेच नव्हे तर हलविण्याची नुसती कल्पना करतानाही, मेंदूच्या संबंधित भागातील, सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तने असलेल्या लहरी क्षीण होतात. यंत्र तीच खूण शोधते. अर्थात कवटीबाहेरून ऐकणे म्हणजे भरल्या मंगल कार्यालयाच्या भिंतीला कान लावून आतले एखादे संभाषण ऐकण्यासारखे आहे. पापणी लवली, दात चावले तरी नोंदीत खळबळ उडते. म्हणून येथे बोटागणिक अचूकता अपेक्षू नये. मूठ मिटायची आहे की उघडायची आहे, एवढे कळले तरी पुष्कळ.

या मार्गाचे एक मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यात पुष्कळ काही खुले आहे. स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली बारा माणसांच्या नोंदींचा एक संच सर्वांसाठी प्रसिद्ध केला. माणसाने हात पुढे न्यायचा, वस्तू पकडायची, उचलायची, धरून ठेवायची आणि पुन्हा खाली ठेवायची, एवढीच कृती. वस्तूचे वजन कधी १६५ ग्रॅम, कधी ३३० आणि कधी ६६०. माणसाला आधी कळणार नाही अशा रीतीने ते बदलायचे. अशा ३९३६ उचलींच्या वेळच्या, डोक्यावरील ३२ जागांच्या नोंदी त्यात आहेत. २०१५ साली त्यावर जगभर खुली स्पर्धा झाली. पकडण्याचा क्षण कोणता, उचलण्याचा कोणता, हे केवळ मेंदूच्या लहरींवरून ओळखायचे होते. इंटरनेट असलेल्या कोणालाही त्यात भाग घेता येत होता. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी आजही तो संच उतरवून घेऊन आपल्या साध्या संगणकावर असे जाळे शिकवू शकतो. म्हणजे गणित कोणाच्या तिजोरीत नाही, ते चव्हाट्यावर आहे. दुर्मीळ आहेत त्या नोंदी.

नोंदी कोणाच्या, याला येथे फार महत्त्व आहे. जे जाळे ज्यांच्या नोंदींवर शिकते, त्यांच्यावरच ते बरे चालते. स्वीडनमधील बारा निरोगी माणसांवर शिकलेले जाळे सोलापूरच्या साठ वर्षांच्या अर्धांगवायूच्या रुग्णावर चालेलच, असे धरून चालता येत नाही. त्याच्या मेंदूची एक बाजू दुखावलेली आहे, त्याच्या लहरींची घडणच वेगळी आहे. शिवाय दाट केसांतून, तेही रोज तेल लावण्याची सवय असलेल्या डोक्यावर, इलेक्ट्रोड नीट टेकविणे हे किती कटकटीचे काम असते ते ईईजी काढणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञाला विचारावे. तपासणीपूर्वी केस धुऊन या, असे आपल्याला सांगतात ते उगीच नव्हे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण घरी रोज वापरायच्या टोपीचा आराखडा करताना ती क्षुल्लक राहत नाही. आपल्या डोक्यांचा विचार आपल्यावाचून दुसरे कोण करणार?

लिपीचेही तसेच. २०२१ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी एका लुळ्या पडलेल्या गृहस्थाला, आपण लेखणीने अक्षरे लिहीत आहोत अशी कल्पना करावयास सांगितले. मेंदूतील हाताच्या भागात बसविलेल्या दोन चकत्यांतील संकेत गणिती जाळ्याने वाचले आणि पडद्यावर मिनिटाला ९० अक्षरे उमटली. अचूकता ९४ टक्क्यांच्या वर होती. भाषेच्या नियमांवरून चुका दुरुस्त केल्यावर ती ९९ टक्क्यांच्याही पुढे गेली. सरळ रेषेतील हालचालींपेक्षा अक्षरांची वळणे एकमेकांपासून अधिक भिन्न असतात, म्हणून यंत्राला ती ओळखणे सोपे जाते, असे कारण त्या संशोधकांनी दिले आहे. वळणेच उपयोगी पडत असतील तर आपली देवनागरी याला किती अनुकूल ठरेल! 'क' आणि 'फ', 'भ' आणि 'म' यांतील सूक्ष्म भेद यंत्राला छळतील. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांची व्यवस्था लावावी लागेल. शिरोरेषेचे काय करायचे तेही ठरवावे लागेल. अवघड आहे, पण अशक्य नाही. मात्र रोमन लिपीत लिहिणारे संशोधक आपण होऊन हे काम हाती घेतील, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तसे झाले नाही, तर बोलणे हरपलेल्या मराठी माणसाला मनातले सांगण्यासाठी इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागेल. आजारपणात माणूस मातृभाषेत कण्हतो, हे आपण सारेच जाणतो.

आता कायद्याकडे वळू. मेंदूच्या नोंदी न्यायालयात आणण्याचा प्रसंग आपल्याकडे, तोही पुण्यात, अगोदरच येऊन गेला आहे. २००८ साली तेथील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावली, तेव्हा आधारभूत मानलेल्या पुराव्यांत मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारलेल्या एका चाचणीचाही समावेश होता. गुन्ह्याशी संबंधित वाक्ये ऐकवायची आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत त्या अनुभवाची स्मृती आहे की नाही ते लहरींवरून संगणकाने सांगायचे, असा त्या चाचणीचा दावा होता. जगभर त्याची चर्चा झाली. हाताची आज्ञा वाचणे आणि स्मृती वाचल्याचा दावा करणे यांत केवढे अंतर आहे, हे वर सांगितलेल्या कष्टांवरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मूठ मिटली की उघडली हे ओळखताना जिथे दमछाक होते, तिथे मनातले पाप ओळखल्याचे सांगणे हे धाडसच म्हटले पाहिजे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्याच्या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी या तिन्ही गोष्टी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत असे बजावले. राज्यघटनेच्या कलम २० (३) आणि कलम २१ चा आधार त्यामागे होता. पुढे अन्य देश याच वाटेने गेले. चिलीने २०२१ साली मेंदूतील माहितीच्या संरक्षणासाठी थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२४ साली तसा कायदा केला.

आपला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमतीची अट घालतो, हे चांगलेच आहे. पण संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग तो करीत नाही. मोबाइलचा क्रमांक आणि मेंदूच्या लहरी यांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे. मोबाइलचा क्रमांक बदलता येतो.

मग आपण करावे काय? याचे उत्तर जयपूरने पूर्वीच दिले आहे. १९६० च्या दशकाअखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून जो पाय घडविला, तो मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात जाणाऱ्या भारतीयासाठी होता. परदेशी कृत्रिम पायाची नक्कल त्यांनी केली नाही. शिवाय मोडला तर तो गावाजवळच दुरुस्त व्हावा, अशी सोय त्यात होती. मेंदूच्या संकेतांवर चालणाऱ्या हाताबाबतही हाच कित्ता गिरवावा लागेल. त्याची सुरुवात झालेली आहे, हे आनंदाने नमूद केले पाहिजे. आयआयटी कानपूरचे प्रा. आशिष दत्ता यांनी अल्स्टर विद्यापीठातील प्रा. गिरिजेश प्रसाद यांच्या सहकार्याने, मेंदूच्या लहरी ओळखून अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बोटांना व्यायाम देणारे यांत्रिक पंजर विकसित केले आहे. रुग्णाने मूठ मिटण्याचा प्रयत्न मनोमन करायचा आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्राने त्याची बोटे मिटायची. संकल्प आणि हालचाल यांची गाठ अशी वारंवार पडली की दुखावलेला मेंदू नवी वाट पाडू लागतो, असे त्यामागचे तत्त्व आहे. हे यंत्र शेवटी काढून ठेवायचे असते, ही त्यातील सर्वात चांगली गोष्ट. प्राथमिक चाचणी भारत आणि ब्रिटन येथील आठ रुग्णांवर झाली. आठ ही संख्या फार लहान आहे. यशाचा डिंडिम वाजविण्यापूर्वी शेकडो रुग्णांवर, यंत्र न वापरणाऱ्या रुग्णांशी तुलना करून, ते पडताळले पाहिजे. हा आग्रह धरणे म्हणजे आपल्या शास्त्रज्ञांवर अविश्वास दाखविणे नव्हे.

त्यासाठी रुग्ण आणि नोंदी शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकी येथे सैन्यातील मज्जारज्जूच्या जखमींसाठी पुनर्वसन केंद्र आहे. सीमेवर उभे असताना किंवा सेवेत असताना जायबंदी झालेले जवान तेथे वर्षानुवर्षे राहतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील शासकीय रुग्णालयांत अर्धांगवायूचे रुग्ण रोज येतात. त्यांच्या संमतीने, त्यांची नावे बाजूला ठेवून, घेतलेल्या नोंदींचा संच शासकीय विद्यापीठाच्या ताब्यात राहिला आणि स्वीडनच्या संशोधकांप्रमाणे आपणही तो अभ्यासकांना खुला केला, तर आपली मुले परक्यांच्या नोंदींवर हात बसविण्याऐवजी आपल्या माणसांसाठी काम करतील. आणि ज्या दिवशी कोणी कवटी उघडून रोपण करण्याचा परवाना मागायला येईल, त्या दिवशी त्याच्याकडून आधी लिहून घेतले पाहिजे की कंपनी बुडाली तरी यंत्राची आज्ञावली आणि दुरुस्तीचा आराखडा शासकीय रुग्णालयाच्या हाती येईल, तसेच यंत्र काढण्याचा किंवा चालू ठेवण्याचा खर्च अगोदरच अनामत म्हणून जमा असेल. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, आणि पहिल्या वर्षी हात कसा हलेल याच्याच जोडीने, अकराव्या वर्षी तो बिघडला तर कोणाचे दार ठोठवायचे हेही त्यात नाव-पत्त्यासह लिहिलेले असावे.